दहा लाख तीनचं यंत्र

तिला सगळे दातेबाई म्हणत. आडनावाशी याचा काही संबंध नव्हता. ती दाते पाडायची, म्हणजे यंत्रांच्या चाकांना. गिरणीचं चाक असो, छापखान्याचं असो की लिफ्टचं. झिजलेलं चाक घेऊन माणूस तिच्या वर्कशॉपच्या पायरीवर उभा राहायचा आणि ती नवं कापून द्यायची. दारावर पाटी होती, ‘येथे दाते पाडून मिळतील’. एकदा एक गृहस्थ गालाला रुमाल लावून आत आला, मिलिंग मशीनकडे बघितलं आणि आल्या पावली पळाला. हा किस्सा तिचा नवरा भेटेल त्याला सांगायचा, आणि दर वेळी तो गाल थोडा जास्त सुजलेला असायचा.

ती या वर्कशॉपमध्ये आली ती टायपिस्ट म्हणून. पुढच्या खोलीत बसून बिलं टाइप करायची आणि मागच्या खोलीतल्या मशीनचा आवाज ऐकायची. मालक म्हातारे मिस्त्री होते, फार बोलत नसत. एकदा कारागीर काम अर्धवट टाकून निघून गेला आणि चाक मशीनवर तसंच राहिलं. ती मागे गेली आणि म्हणाली, “मी बघत आले आहे, उरलेले दाते मी पाडू का?” मिस्त्रींनी तिला नीट निरखलं आणि स्वतःचा एप्रन काढून दिला. बिलं त्या दिवसापासून कुणीच टाइप केली नाहीत. मिस्त्री थकले तेव्हा चाव्या तिच्याकडे आल्या. केस पांढरे व्हायला लागले तोवर गावात तिच्याइतका सरळ दाता पाडणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिला एकच घमेंड होती, पण ती मोठी होती. तिने आजवर कुणाला ‘होत नाही’ असं म्हटलं नव्हतं. इतरांनी हात टेकलेली कामं फिरून तिच्याकडे यायची आणि ती मान वरही न करता “होईल, ठेवून जा,” म्हणायची. नवरा म्हणायचा, “अगं, काम काय आहे ते तरी ऐक आधी.” तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. समोरचा काय करणार हे आधी बघून मगच ब्रेकवरचा पाय काढायचा, असा त्याचा जन्माचा धर्म. तिचा धर्म नेमका उलटा.

तर असल्या या बाईकडे एका सकाळी कॉलेजातले प्राध्यापक आले. उंच, वाकलेले, कोटाच्या बाहीवर खडूची पूड. गणित शिकवायचे आणि वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. कॉलेजच्या नव्या इमारतीतल्या मोठ्या हॉलचा एक कोपरा त्यांना मिळाला होता, तिथे काहीतरी कायमचं ठेवा म्हणून.

“मला एक यंत्र हवंय,” ते म्हणाले. “एका बाजूला हँडल, दुसऱ्या बाजूला मोठं चाक. हँडल दहा लाख तीन वेळा फिरवलं की चाक एकदा फिरायला हवं. बरोबर दहा लाख तीन.”

“होईल,” दातेबाई म्हणाल्या.

“आकडा का तो, असं विचारणार नाही तुम्ही?”

तिला कारणाशी देणंघेणं नव्हतं, पण माणूस आशेने बघत होता. “सांगा,” ती म्हणाली.

प्राध्यापक खुलले. दहा लाखाला कुणीही मोडतं, ते सांगू लागले, शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर. दहा लाख एक दिसायला अवघड, पण एकशे एकने भाग जातो. दहा लाख दोन तर सम आहे. दहा लाख तीन मात्र कशानेच मोडत नाही. शाळेत मूळ संख्या शिकवतात ना, एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी, ती ही. दहा लाखांनंतरची पहिली. “आयुष्यभर मुलांना फळ्यावर हे शिकवलं. मुलं जांभया देतात. म्हटलं, जाता जाता त्यांना हात लावता येईल असं काहीतरी करावं. कुठल्याही बाजूने मोडता न येणारी एक संख्या, हातात हँडल धरून फिरवता येईल अशी.”

“आकडा लिहून ठेवा,” ती म्हणाली आणि मशीनकडे वळली. ‘मोडत नाही’ हा शब्द तिने ऐकला होता. तिला वाटलं, पुस्तकातली गोष्ट आहे. आपण कापायला बसलो की मोडेल.

पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ इथेच होतं, म्हणून तिचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. फेऱ्यांचा वेग कमी करायला ती वर्म वापरायची. वर्म म्हणजे आटे पाडलेली जाड दांडी, मोठ्या स्क्रूसारखी. ती एक फेरा फिरली की तिला टेकलेलं चाक एक दाता पुढे सरकतं. चाकाला शंभर दाते असले तर शंभर फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. त्या चाकाच्या शाफ्टवर, म्हणजे आसाच्या दांडीवर, दुसरा वर्म, त्याला दुसरं शंभराचं चाक लावलं की दहा हजार. तिसरं लावलं की दहा लाख. म्हणजे सगळा गुणाकाराचा खेळ. कुठलाही मोठा आकडा आला की ती त्याचे दोन-तीन बेताचे तुकडे करायची आणि त्या तुकड्यांएवढ्या दात्यांची चाकं कापायची.

आणि हा आकडा तर तुकडेच होऊ देत नव्हता.

पहिल्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेतला. सातने भागलं, चार उरले. अकराने भागलं, चार उरले. तेराने भागलं, चार. सदतीसने भागलं तरी पुन्हा चारच. तिला वाटलं कॅल्क्युलेटर बिघडलाय. बॅटरी बदलली, आणि नव्या बॅटरीनेही चारच उरवले.

“चौघांनी मिळून ठरवलंय वाटतं,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.”

“नाही, पण त्यांनीच सांगितलं ना तुला, मोडत नाही म्हणून?”

“त्यांच्याने मोडत नाही. ते खडूने मोडतात.”

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. ती कामावरून आली की भागाकाराला बसायची. एकशे एकने दोन उरायचे, एकशे तीनने काहीतरी भलतंच. कधी चुकून भाग गेल्यासारखा वाटायचा, ती टाळी वाजवायची आणि मग लक्षात यायचं की आकडा टाकताना एक शून्य खाल्लंय. नवऱ्याने एका रविवारी शांतपणे विचारलं, “समजा तुकडे झालेच नाहीत, तर किती दात्यांचं चाक लागेल?”

“दहा लाख तीन दात्यांचं.”

“मग तेच काप एक.”

तिने रागारागाने हिशेब करून दाखवला. तिच्या सगळ्यात बारीक कटरने पाडले तरी त्या चाकाचा व्यास एक किलोमीटर भरत होता. एक किलोमीटर आणि वर तीन मिलिमीटर.

“कॉलेजचा हॉल तेवढा नसेल,” नवरा म्हणाला.

तिने दातओठ खाल्ले. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला कळून चुकलं की प्राध्यापकांना हा आकडा ज्या कारणासाठी हवा आहे, नेमक्या त्याच कारणाने तो कापता येत नाही. त्यांचं कौतुक ते हिचं दुखणं. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि ते नवऱ्याला आधी कळलं होतं, याची तिला जास्त चीड आली.

तरी सोडेल ती दातेबाई कसली. त्रेपन्नने भागताना तिला बावन्न उरले. म्हणजे एकच कमी. पुढे एकोणनव्वदने भागलं तर अठ्ठ्याऐंशी. पुन्हा एकच कमी! तिने पेन्सिल खाली ठेवली. दोघांनाही एकच कमी पडतोय, तर मग एक घातला तर? दहा लाख चार. तो आकडा तिच्या हाताखाली पिकल्या फळासारखा उकलला. चार गुणिले त्रेपन्न गुणिले त्रेपन्न गुणिले एकोणनव्वद, बाकी शून्य. म्हणजे एकशे सहा दात्यांची दोन चाकं आणि एकोणनव्वद दात्यांचं एक. तीन चाकं! डोळे मिटून कापता येतील अशी.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेले कपडे घालून कॉलेजात गेली. प्राध्यापकांच्या खोलीत खुर्चीवरही पुस्तकं होती, म्हणून ती उभीच राहिली.

“सर, जमलं. फक्त तीनच्या जागी चार करू. दहा लाख चार.”

प्राध्यापकांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग फार हळुवारपणे म्हणाले, “बाई, ती वेगळी संख्या आहे.”

“एकाने काय फरक पडतो? सेकंदाला एक फेरा मारत न जेवता न झोपता कुणी फिरवत बसला, तर साडेअकरा दिवसांनी एक फेरा जास्त होणार. कोण मोजायला बसलंय?”

“कुणीच नाही. पण मग पाटीवर मी काय लिहू?”

“दहा लाख चार लिहा.”

“दहा लाख चारला कुणीही मोडतं.”

इथे दातेबाईंचा तोल गेला. “कुणीही? मी मोडलाय तो! माझ्या डोळ्यांचं पाणी झालं त्या भागाकारांनी. तुम्ही खुर्चीत बसून आकडा फेकला, तुमचं काय जातंय! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू?”

“मग जमत नाही असं म्हणा,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण तिच्या तोंडावर एवढं सरळ कुणी म्हटलं नव्हतं. ती दार आपटून निघाली आणि जिन्यावर तिच्या लक्षात आलं, की घाईत आपण त्यांचा खडू हातात घेऊन आलोय. तिने तो तिथेच कठड्यावर ठेवून दिला.

घरी आल्यावर नवऱ्याने तिच्यापुढे ताट वाढलं. चेहराच सगळं सांगत होता. तिने ताट पुढे ओढलं, मागे सारलं, आणि म्हणाली, “मी कापणारच. त्यांनी नाही घेतलं तर वर्कशॉपच्या दारात ठेवीन. दहा लाख चारच ठेवीन.”

“ठेव,” नवरा म्हणाला. “पण गिऱ्हाइकांना काय सांगशील, हे कशाला आहे?”

तिने चाकं कापली. पितळेची, एकशे सहाची दोन, एकोणनव्वदचं एक. त्यांचे वर्म पाडले. सगळं एका लोखंडी चौकटीत बसवलं. काम सुरेख झालं होतं आणि तिला ते डोळ्यासमोर नको होतं. तिची ही अवस्था नवऱ्याने पूर्वी कधी बघितली नव्हती. चांगलं झालेलं चाक ती पुसून उजेडात धरायची, ही चाकं तिने फडक्याखाली झाकून ठेवली.

प्राध्यापकांचा फोन आला तो नवऱ्याने घेतला. आपण काम रद्द करायला येतोय, असं ते म्हणाले. बाईंना उगाच त्रास दिला, समोर येऊन माफी मागायची आहे. “या दुपारी,” नवरा म्हणाला, आणि हे बायकोला सांगायचं त्याने धाडस केलं नाही.

त्या दिवशी जेवायला जाण्याआधी तिने ठरवलं, की दाते एकमेकांत बसावेत म्हणून यंत्र थोडा वेळ फिरतं ठेवू. शेवटच्या चाकाचा शाफ्ट व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, आवळून तिने सगळी चौकट बाकावर अधांतरी उभी केली होती, तशीच ती राहिली. हँडलच्या जागी ड्रिलची मोटर जोडली, बटण दाबलं आणि घरी गेली. जेवून परत आली तर जमिनीवर तेलाचं थारोळं. बाकाच्या कडेला ठेवलेली तेलाची कुपी खाली आडवी पडली होती.

“अहो! ही कुपी कुणी पाडली?”

“मी आत पाऊलही टाकलेलं नाही,” नवरा दारातून म्हणाला.

“मग काय आपोआप पडली?”

“माझ्याकडे बघू नकोस. ते बघ, तुझं यंत्रच वाकडं झालंय.”

खरंच झालं होतं. सरळ उभी केलेली चौकट आता कलली होती, आणि कुपी होती तिथवर तिचा कोपरा येऊन पोचला होता. आता तिच्या ध्यानात आलं. शेवटचं चाक मोकळं सोडायला हवं होतं, ते व्हाइसमध्ये आवळलेलं राहिलं. चाकाला फिरता येईना, म्हणून वर्म त्याच्याभोवती चालत राहिला, आणि आपल्याबरोबर अख्खी चौकट घेऊन निघाला. एवढी साधी चूक तिने शिकाऊ असतानाही केली नव्हती. ती खाली बसून फडक्याने तेल टिपायला लागली आणि तिला रडूच यायला लागलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. नेमके त्याच वेळी प्राध्यापक दारात उभे राहिले.

“मी नंतर येऊ का?” ते म्हणाले.

“आता आलाच आहात तर बघा,” ती फडकं पिळत म्हणाली. “दहा लाख चार. आणि तेही धड नाही. चाक पकडून ठेवलं गेलं, म्हणून चौकटच गरगरायला लागली.”

प्राध्यापक माफीचं सगळं विसरले. बाकाजवळ आले, एका बाजूने वाकून बघितलं, मग दुसऱ्या. “म्हणजे चाक स्थिर आहे आणि सगळं यंत्र त्याच्याभोवती फिरतंय?”

“हो. सांगतेय काय मग!”

“मग हे आता दहा लाख चार नाही, बाई.”

“चाकं तीच आहेत. मी मोजून कापलीत.”

“चाकं तीच. पण चौकट स्वतः एक फेरा घेते ना? तो धरायला हवा की नको?”

तिला काही कळेना. नवऱ्यालाही कळेना, पण त्याला कळेनासं काही झालं की तो करून बघायचा. त्याने बाकाभोवती एक चक्कर मारली, तोंड सतत बाकाकडे ठेवून. “ही माझी चक्कर झाली. मी काय गिरकी घेतली? मी नुसता चाललो.”

“सुरुवातीला तुमचं तोंड दाराकडे होतं,” प्राध्यापक म्हणाले. “मग खिडकीकडे झालं, मग भिंतीकडे, मग कपाटाकडे, आता परत दाराकडे. जागच्या जागी उभं राहून चारी दिशा बघितल्या असत्या, तर त्याला गिरकीच म्हटलं असतं ना? चालता चालता तुमची एक गिरकी फुकटात झाली.”

नवरा उभ्या जागी विचारात पडला. गाडी शिकवताना चौकातल्या गोलाला त्याने उभी हयात चकरा मारल्या होत्या, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“ती फुकटातली गिरकी हँडलच्या हिशेबातून वजा होणार,” प्राध्यापकांचा आवाज चढला. “चौकटीत बसलेल्या माणसाला दहा लाख चार फेरे दिसतील. बाहेर उभं राहून हँडल मारणाऱ्याला एक कमी! दहा लाख तीन, बाई! चाकाऐवजी चौकट फिरेल, चालेल मला. झालं की तुमचं!”

दातेबाई उठून उभ्या राहिल्या. हातातलं फडकं तेलाने निथळत होतं. ज्या आकड्याने तिला इतके दिवस छळलं तो एका चुकीतून असा समोर उभा राहावा, यावर तिचा विश्वास बसेना. आणि तिचा हा अविश्वास खरा ठरला. प्राध्यापक पेन्सिलीने भराभर लिहीत होते, ते मध्येच थांबले.

“ही मोटर कुठल्या दिशेने फिरते?”

“घड्याळाच्या.”

“आणि चौकट कुठे कलली?”

तिने बघितलं. “तीही घड्याळाच्याच दिशेने.”

प्राध्यापक स्टुलावर बसले. “मग वजा नाही. दोघं एकाच दिशेने गेले तर चौकट हँडलच्या पुढे पळते, तिला गाठायला एक फेरा वाढतो. हे दहा लाख पाच आहे.”

दातेबाईंनी फडकं बाकावर टाकलं. मग प्राध्यापकच कडवटपणे म्हणाले, “दहा लाख पाच. शेवटी पाच! याला तर दुसरीतलं पोरही पाचने भागेल.”

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. पण दातेबाईंच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती वेगळी आठी होती. दिशा हे तिचं काम होतं. “म्हणजे चौकट उलट्या बाजूला चालायला लागली की तीन होतात?”

“हो.”

“नुसतं उलटं चालायला हवं. एवढंच?”

“एवढंच.”

“होईल,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

कारण ‘एवढंच’ म्हणजे नाकी नऊ. वर्म चाकाच्या दुसऱ्या बाजूला बसवला तर दिशा उलटते, पण तसं केलं की शाफ्ट मधोमधच्या रेषेतून बाजूला सरकत होता आणि हँडल चौकटीवर आपटत होतं. मग एकच वाट उरली, एक वर्म डाव्या आट्यांचा, म्हणजे उलटा पिळलेला, पाडायचा. वर्म डावा म्हणजे त्याच्या चाकाचे दातेही उलट्या बाजूला तिरपे. पुन्हा चाक कापणं आलं. तिने एकोणनव्वदचं चाक निवडलं, लहान म्हणून. पहिल्या चाकाला तिने सगळे दाते सुबक पाडले आणि पुसून बघते तर हाताच्या सवयीने तिरप जुन्याच बाजूला गेली होती. दुसऱ्याच्या पितळेत पोकळी निघाली. तिसऱ्याच्या वेळी वीज गेली आणि कटर दात्यातच अडकून बसला. प्राध्यापक मधूनमधून येत, काही न विचारता स्टुलावर बसत, आणि त्यांचं ते न विचारणं तिला विचारण्यापेक्षा जास्त टोचायचं.

“सर, तुम्ही बसलात की माझा हात चुकतो.”

“मी बाहेर बसतो.”

“बाहेर बसलात तरी मला ठाऊक असतं.”

चौथं चाक साधलं. तिने शेवटचं चाक मुद्दाम आवळलं, मोटर लावली, आणि या वेळी कुपी दोन्ही बाजूंनी लांब ठेवली. तिघंही बाकाशी बसून राहिले. काही हलताना दिसेना. पण चौकटीच्या टोकाशी लावलेल्या, केसभर सरकणंही मोजणाऱ्या डायलचा काटा हळूहळू सरकत होता. मोटर घड्याळाच्या दिशेने, चौकट तिच्या उलट. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तीन,” ते म्हणाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि ग्रीसने दोघांचेही हात काळे झाले.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण यंत्र कॉलेजात गेलं.

नव्या हॉलच्या कोपऱ्यात ते बसलं, मागे पाटी लागली. महिन्याभराने दातेबाई सहज बघायला गेल्या, तर हँडलला दोरी गुंडाळलेली आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘नादुरुस्त’.

“कुणी लावलं हे?” ती वॉचमनवर कडाडली.

“ऑफिसने. ते बिघडलंय, बाई. पोरं कितीही फिरवतात, ते काही हलत नाही.”

“हलतंय! ते दहा लाख तीन फेऱ्यांनी एकदा फिरणारं आहे. पाटी वाचली नाहीत?”

“पाटी कोण वाचतंय?”

ऑफिसातल्या माणसाने तिला लेखी अर्ज करा म्हणून सांगितलं. तिने अर्ज केला नाही, दोरी कापली. चौकटीवर आणि खालच्या बैठकीवर खिळ्याने एक सरळ रेघ ओढली, वरची रेघ खालच्या रेघेला बरोबर भिडलेली. वॉचमनला म्हणाली, “ही रेघ बघत जा. सुट्टीपर्यंत सुटलेली दिसेल तुम्हाला.”

सुट्टी लागायच्या बेताला त्याचा फोन आला. “बाई, रेघ होती तिथेच आहे.”

ती तणतणत गेली. चाकं तपासली, वर्म तपासले, सगळं ठीक. मग खांबाला टेकून गंमत बघत उभी राहिली. एक पोरगी आली, तिने हँडल उजवीकडे गरागरा फिरवलं आणि गेली. तिच्यामागून दोघं आले, त्यांनी डावीकडे फिरवलं. निम्मं जग उजवीकडे फिरवत होतं आणि निम्मं डावीकडे, आणि तिचं यंत्र सगळ्यांचे फेरे इमानदारीने जमा करत होतं आणि वजा करत होतं. तिने कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात तिने हँडलच्या शाफ्टवर एक खाचेरी चाक आणि खटका बसवला, म्हणजे ते एकाच बाजूला फिरेल. आता फिरवताना कट् कट् आवाज यायला लागला. ऑफिसकडून निरोप आला की आवाजाने शेजारच्या वर्गाला त्रास होतो. तिने उलट निरोप पाठवला की वर्ग हलवा.

रेघ आता सुटली आहे, दोन बोटं. प्राध्यापक निवृत्त झाले, पण घरी कमी आणि त्या हॉलमध्ये जास्त असतात. मुलांना पकडून दहा लाख तीन समजावतात. मुलं निसटू बघतात, काही निसटतात, एखादं थांबतं. दातेबाई महिन्यातून एकदा ग्रीस घेऊन जातात.

“पुरा फेरा होईल तेव्हा आपण दोघंही नसू,” प्राध्यापक परवा म्हणाले, खुशीत.

“त्याच्या आधी मधलं बेअरिंग जाईल,” ती चौकटीखाली डोकं घालून म्हणाली. “आणि ते बदलायचं तर सगळी चाकं सोडवावी लागतील. मला तेव्हाच दुसरं घालायला हवं होतं.”

“मग?”

“मग काय? बघू. सरका जरा, उजेड अडवताय.”